मदत हवी आहे: चिकटलेल्या पेशी वेगळ्या कशा करायच्या?
मंडळी, मायक्रोस्कोपच्या फोटोंमधल्या पेशी मोजायचं काम करतेय आणि गाडी इथेच अडलीय. ओत्सू थ्रेशोल्ड (पेशी आणि पार्श्वभूमी यांच्यातली उजेडाची सीमा आपोआप ठरवणारी पद्धत) लावून वॉटरशेड (चिकटलेले भाग वेगळे करणारी पद्धत) केलं की आतल्या दाणेदारपणामुळे एकाच पेशीचे तुकडे पडतात, ब्लर वाढवला तर शेजारच्या दोन एक होतात. २०१५ चं यू-नेट (फोटोतले भाग वेगळे ओळखणारं न्यूरल नेटवर्क) याच कामासाठी आलं, त्यात चिकटलेल्या पेशींमधल्या बारीक फटीला लॉसमध्ये, म्हणजे शिकताना चुका मोजणाऱ्या आकड्यात, जास्त वजन देतात (फार सुंदर कल्पना आहे ही!), पण माझ्याकडे हाताने आखलेले मास्क (कुठे पेशी आहे ते दाखवणारे नकाशे) अगदी थोडे. २०२३ चं सॅम (फोटोतली कुठलीही वस्तू वेगळी काढणारं मेटाचं मॉडेल) १ अब्जाहून जास्त मास्कवर शिकलंय तरी माझ्या फोटोंतल्या फिकट कडा सोडतंच. सॅमचा फक्त डीकोडर (मास्क तयार करणारा शेवटचा भाग) माझ्या फोटोंवर फाइनट्यून करू, म्हणजे थोडा पुढे शिकवू, की यू-नेटच ऑगमेंटेशन करून (आहेत तेच फोटो फिरवून-वाकवून नमुने वाढवून) शिकवू? आणि त्यात इलास्टिक डिफॉर्मेशन (फोटो रबरासारखा ताणणं-वाकवणं) किती ठेवायचं? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा.