शिडाची बोट मिशिगन सरोवराकडून चेसापीक उपसागराकडे रस्त्याने न्यायची आहे: वाहतूकदार कसा निवडावा?

मिशिगनकर

नमस्कार मंडळी. नोकरीच्या बदलीमुळे आम्ही येत्या वसंतात विस्कॉन्सिन सोडून मेरीलँडला राहायला जाणार आहोत आणि घरच्या सामानाखेरीज आमची शिडाची बोटही तिकडे न्यायची आहे. बोट कॅटालिना २७ आहे, फिन कीलची, म्हणजे तळाखाली पाखासारखी जड कील असलेली. सध्या ती रसीनच्या एका बोट-यार्डात स्टँडवर उभी आहे आणि ॲनापोलिसच्या दक्षिणेकडील एका मरीनात पोहोचवायची आहे. रस्त्याने हे अंतर साधारण ८०० मैल भरते. सरोवरे, एरी कालवा आणि हडसन नदी अशा जलमार्गाने नेण्याचा विचार केला होता; परंतु कालवा मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास उघडतो, त्यावरील पूल ठेंगणे असल्यामुळे डोलकाठी तशीही उतरवावीच लागते, आणि इतक्या आठवड्यांची रजा नव्या नोकरीत मिळण्यासारखी नाही.

वाहतुकीच्या एका संकेतस्थळावर मागणी नोंदवताच भराभर दर आले. मात्र सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त दरांत जवळजवळ दुपटीचा फरक आहे. हा फरक कशामुळे पडतो, वाहतूकदार खरा आणि भरवशाचा आहे हे कसे पडताळावे, आणि ट्रक येण्यापूर्वी आपल्या बाजूने काय तयारी करावी लागते, याविषयी अनुभवी सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दर्यासारंग

आपल्या बोटीची रुंदी ८ फूट १० इंच आहे, आणि अमेरिकेतील महामार्गांवर परवान्याशिवाय जास्तीत जास्त १०२ इंच, म्हणजे ८ फूट ६ इंच रुंदीचा माल नेता येतो. केवळ चार इंचांसाठी का होईना, विस्कॉन्सिन, इलिनॉय, इंडियाना, ओहायो, पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँड या सहाही राज्यांचे वेगवेगळे परवाने काढावे लागतील. ज्याने सर्वांत कमी दर दिला आहे त्याला पहिला प्रश्न हाच विचारा, की परवान्यांचा खर्च दरात धरला आहे का आणि ते कोणाच्या नावाने निघणार आहेत. ‘चार इंचांनी काय होते, तसेच नेऊ’ असे उत्तर आले तर त्याच्याशी पुढे बोलणे थांबवावे. वाटेत पोलिसांनी ट्रक अडवला तर बोट तेथेच अडकून पडते आणि तिची सोडवणूक करण्यात आपले दिवस जातात. या रुंदीला सोबतीची पायलट गाडी सहसा लागत नाही. मात्र परवान्यावरचा माल सर्वसाधारणपणे दिवसाउजेडीच न्यायचा असतो आणि सुट्ट्यांच्या दिवशी बंधने असतात, त्यामुळे ‘एका रात्रीत पोहोचवतो’ असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

दरातील फरकाचे दुसरे कारण ट्रेलर. शिडाच्या बोटीसाठी खास बनवलेला हायड्रॉलिक ट्रेलर बोटीखाली मागून सरकत जातो, कील मधल्या तुळईवर टेकते, बाजूचे पॅड वर येऊन बोटीला सावरतात आणि स्टँड काढून घेतले जातात. क्रेन किंवा ट्रॅव्हलिफ्टची (पट्ट्यांनी बोट उचलणाऱ्या चाकांवरच्या यंत्राची) गरज उरत नाही. लोबॉय किंवा गूजनेक अशा प्रकारचा साधा सपाट ट्रेलर असेल तर दोन्ही टोकांना यार्डाची लिफ्ट आणि बोटीच्या मापाची क्रेडल (बोट टेकवायची चौकट) लागते, आणि तो खर्च वाहतूकदाराच्या दरात नसतो, तो यार्डाच्या बिलात येतो. दोन्ही यार्डांचे दर विचारून बेरीज केल्याखेरीज कोणते कोटेशन स्वस्त आहे हे कळणार नाही. काही यार्ड बाहेरच्या वाहतूकदाराला आपल्या आवारात काम करू देत नाहीत किंवा त्याच्या विम्याचा दाखला आधी मागतात, तेही आत्ताच विचारून ठेवा.

उंचीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. या पट्ट्यात ट्रकसह एकूण उंचीची मर्यादा १३ फूट ६ इंच आहे. कीलच्या तळापासून केबिनच्या छपरापर्यंत आणि पुढच्या पुल्पिटच्या (टोकावरील कठड्याच्या) नळीपर्यंत अशी दोन्ही मापे स्वतः टेप लावून घ्या आणि ती वाहतूकदाराला लेखी कळवा. माहितीपत्रकातील आकड्यांत पुल्पिट धरलेला नसतो.

शिवानी_क्लीव्हलंड

दर्यासारंग यांनी ट्रेलरविषयी लिहिले आहे, म्हणून मी फक्त कागदपत्रांविषयी लिहिते. मालवाहतुकीचा विमा हे माझे रोजचे काम आहे.

सर्वप्रथम, दर देणारा स्वतः वाहतूकदार आहे की दलाल, हे स्पष्ट करून घ्यावे. दलाल असण्यात गैर काही नाही, कायद्याने त्याला ७५,००० डॉलरचा बाँड ठेवावा लागतो. परंतु आपली बोट प्रत्यक्ष कोण नेणार हे त्याने इसार घेण्यापूर्वी सांगितले पाहिजे. बोटीला वाटेत इजा झाली तर कारमॅक कायद्याखालील (मालाच्या नुकसानीबाबतच्या संघीय कायद्याखालील) जबाबदारी प्रत्यक्ष नेणाऱ्यावर येते, दलालावर ती सर्वसाधारणपणे येत नाही. आमच्या ओळखीतील एका कुटुंबाने एका दलालाला निम्मी रक्कम आगाऊ दिली आणि ट्रक येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत त्याच्याकडे ट्रकच ठरलेला नव्हता. हे फार घडते.

पडताळणीसाठी वाहतूकदाराचा यूएसडॉट क्रमांक (परिवहन खात्याकडील नोंदणी क्रमांक) मागून घ्या आणि फेडरल मोटर कॅरियर सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशनच्या सेफर या संकेतस्थळावर तो टाका. तेथे परवाना चालू आहे का, तो वाहतूकदाराचा आहे की दलालाचा, गाड्या किती आहेत, गेल्या २४ महिन्यांतील तपासण्या आणि अपघात किती, हे सर्व विनामूल्य दिसते. पिकअपमागे ट्रेलर लावून दुसऱ्याची बोट पैसे घेऊन राज्याबाहेर नेणाऱ्यालाही हा परवाना लागतोच. ‘आमची गाडी लहान आहे’ ही सबब चालत नाही. आणखी एक खबरदारी मी आग्रहाने सांगते: ईमेलमध्ये आलेल्या दूरध्वनी क्रमांकावर विसंबू नका, सेफरवर नोंदवलेल्या क्रमांकावर फोन करून तुमची बोट त्यांच्याच यादीत आहे का ते विचारा. चांगल्या कंपनीचा क्रमांक वापरून भलतेच लोक दर देतात.

विम्याबाबत लोकांची सर्वांत मोठी गैरसमजूत अशी, की ७,५०,००० डॉलरचा विमा आहे म्हणजे आपली बोट सुरक्षित आहे. तो विमा रस्त्यावरील इतर लोकांच्या जीवित-वित्तासाठी असतो, ट्रेलरवरील मालासाठी नव्हे. मालाचा विमा वेगळा असतो, आणि घरसामान सोडून इतर मालासाठी तो सरकारकडे नोंदवण्याची सक्ती उरलेली नाही, त्यामुळे तो संकेतस्थळावर दिसत नाही. वाहतूकदाराच्या विमा एजंटाकडून, तुमचे नाव घातलेला दाखला थेट तुमच्याकडे मागवा, आणि त्यात वजावट (नुकसानीतील विमा न भरून देणारा भाग) किती आहे व बोटी वगळलेल्या तर नाहीत ना, हे वाचा. करारात ‘घोषित किंमत’ असा रकाना असेल तर तो कोरा सोडू नका. वाहतूकदाराला लेखी कराराने आपली जबाबदारी मर्यादित करता येते, आणि अशी मर्यादा पुष्कळदा याच रकान्यातून लागू होते. तुमच्या स्वतःच्या बोटविम्यात रस्त्यावरील प्रवास धरलेला आहे का, हेही विमा कंपनीला लेखी विचारा. नसेल तर त्या एका प्रवासापुरते संरक्षण वाढवून मिळते का ते पाहावे.

मिशिगनकर

दोघांचेही मनापासून आभार. दोन नावे सेफरवर पाहून बाद केली. एकाचा परवाना बंद होता आणि दुसरा दलाल निघाला, जो ट्रकचे नाव सांगायला तयार नव्हता. आता हायड्रॉलिक ट्रेलर असलेले दोघे उरले आहेत. डोलकाठी उतरवणे आणि बांधणे हे काम यार्डाचे की वाहतूकदाराचे, आणि बोट ताडपत्रीत गुंडाळून पाठवावी का?

जुनी_डोलकाठी

डोलकाठी यार्डाने उतरवायची, मोकळी तुम्ही करायची आणि ट्रेलरवर बांधायची वाहतूकदाराने, अशी सर्वसाधारण वाटणी असते. मात्र ती करारात लिहून घ्यावी. स्प्रेडर (डोलकाठीच्या आडव्या दांड्या) काढा. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा तिच्यावरून सोडवा, प्रत्येकीला चिठ्ठी बांधा आणि स्वतंत्र वेटोळी करून ठेवा. टर्नबकल (तारा ताणायचे स्क्रू) काढण्यापूर्वी किती आटे आत आहेत ते टेपने खूण करून ठेवले तर पलीकडे उभारणी निम्म्या वेळात होते. त्यानंतर डोलकाठीला जेथे जेथे पट्टे येणार तेथे जुन्या गालिच्याचे तुकडे गुंडाळा. गालिच्याची खरबरीत पाठ बाहेर आणि मऊ बाजू ॲल्युमिनियमवर, आणि वरून टेपचे वेढे घट्ट. उघड्या धातूवर पट्टा आला तर ८०० मैलांच्या थरथरीत ॲनोडायझिंग घासून पांढरे पडते.

ताडपत्री मुळीच घालू नका. महामार्गावरच्या वाऱ्यात ती फडफडते आणि तिची कड जेलकोटवर (बोटीच्या चकचकीत बाह्य थरावर) तासन्‌तास घासत राहते. पॉलिश पेपरने घासल्यासारखा मंद पट्टा उमटतो, जो पॉलिशनेही जात नाही. बिमिनी आणि डॉजर (कापडी छत व आडोसा), शिडे, नांगर, सौर पॅनेल, वाऱ्याची उपकरणे, असेल तर आउटबोर्ड, हे सर्व उतरवून ठेवा. हॅच नुसते बंद करून भागत नाही, आतून कडी आणि बाहेरून टेप दोन्ही लावा, कारण पुढून येणाऱ्या वाऱ्याने त्यांची झाकणे उचकटतात. पाण्याच्या आणि मैल्याच्या टाक्या रिकाम्या, इंधन शक्य तितके कमी, बॅटरीच्या तारा सुट्या, केबिनमध्ये एकही वस्तू मोकळी नको.

कॅटालिना २७ बाबत एक गोष्ट जरूर करा. कील आणि तळ यांच्या सांध्यावर पुढच्या बाजूला या बोटींना भेग पडते, जिला कॅटालिनावाले ‘स्माइल’ म्हणतात. तुमच्या बोटीला ती आत्ता आहे की नाही, असल्यास किती लांब आहे, याचे पट्टी धरून जवळून फोटो काढा. नंतर ती भेग वाटेत पडली की आधीचीच, असा वाद होत नाही. बोट चढवताना तेथे उभे राहा आणि सर्व वजन कीलवर आहे, पॅड केवळ सावरण्यापुरते टेकले आहेत, आणि ते आतील बल्कहेडच्या (आडव्या भिंतीच्या) रेषेत आहेत, हे पाहा. पॅड जास्त दाबले तर तळ आत दबतो. केबिनचे दार अडकू लागले तर पॅड सैल करायला ताबडतोब सांगा.

आणि तळ धुऊन, कोरडा करून, सर्व पाणी काढूनच बोट यार्डाबाहेर काढा. मिशिगन सरोवरात झेब्रा आणि क्वागा शिंपल्यांचा प्रादुर्भाव आहे, आणि वनस्पती किंवा जिवंत प्राणी चिकटलेली बोट रस्त्यावर आणणे विस्कॉन्सिनमध्ये बेकायदा आहे. सुकाणूच्या खाचा आणि इंजिनाच्या पाण्याच्या नळ्या विसरू नका.

तळेगावकर

विषयाला धरूनच, पण वेगळे मत मांडतो. कॅटालिना २७ हे मॉडेल १९७१ पासून निघाले आणि अशा ६,६०० हून अधिक बोटी बनल्या. चेसापीकवर त्या कायम विक्रीला असतात. वाहतूक, परवाने आणि दोन्ही यार्डांची बिले मिळून बोटीच्या बाजारभावाच्या जवळ जात असतील, तर येथे विकून तेथे घेणे जास्त शहाणपणाचे ठरेल. आकडे मांडून पाहावेत.

मिशिगनकर

तळेगावकर, आपला मुद्दा रास्त आहे आणि आम्ही आकडे मांडले. एकूण खर्च बोटीच्या बाजारभावाच्या निम्म्याहून बराच जास्त येतो. तरीही न्यायचेच ठरवले, कारण इंजिन आणि कीलचे बोल्ट नवे आहेत, ते काम आमच्या डोळ्यांदेखत झाले आहे, आणि इतक्या वयाच्या अनोळखी बोटीत काय दडले आहे हे घेतल्यावरच कळते. शिवाय मुलगी याच बोटीवर सुकाणू धरायला शिकली.

दोघांपैकी ज्याने दर जास्त दिला होता त्याला काम दिले आहे. त्याने मापे मागून घेतली, सहाही परवाने दरात धरल्याचे लिहून दिले, विम्याचा दाखला एजंटाकडून थेट पाठवला आणि इसार म्हणून अल्प रक्कम मागितली, बाकी बोट उतरल्यावर. आम्ही तारखेची दोन आठवड्यांची मोकळीक दिली म्हणून त्याने दरही थोडा उतरवला, कारण परतीच्या रिकाम्या फेरीत बोट बसवता येणार आहे. आता बोट पोहोचण्याच्या दिवशी मी तेथे असणे गरजेचे आहे का?

दर्यासारंग

असायलाच हवे, किंवा बोट ओळखणारे कोणीतरी तुमच्या वतीने असावे. ट्रकवर असतानाच चारी बाजूंनी फोटो काढा, चढवतानाच्या फोटोंशी ताडून पाहा, कीलचा सांधा आणि पॅडखालची जागा नीट तपासा, आणि काहीही दिसले तर बिल ऑफ लेडिंगवर (मालाच्या पावतीवर) त्याची नोंद केल्याशिवाय सही करू नका. चालक घाईत असेल तरी तेवढा वेळ घ्या. कारमॅकखाली दावा मांडायला किमान नऊ महिने मिळतात, पण पावतीवर नोंद नसेल तर तो सिद्ध करणे फार जड जाते. मी ॲनापोलिसच्याच बाजूला राहतो. तारीख ठरली की येथे कळवा, यार्डात दुसरा टेप आणि कॅमेरा घेऊन येईन.