मदत हवी आहे: टेक्सासमधल्या जुन्या अटकेचे कोर्टाचे कागद कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी,

नागरिकत्वाचा एन-४०० अर्ज भरायला घेतलाय आणि एका प्रश्नापाशी अडलोय: कधी अटक झाली होती का? झाली होती. २०११ साली, डॅलसजवळ शिकत असताना. वेगाचं तिकीट भरायचं राहिलं, तारखेला कोर्टात गेलो नाही, वॉरंट निघालं. पुढे एकदा गाडी अडवली तेव्हा पोलीस थेट घेऊनच गेले. एक रात्र आत, सकाळी दंड भरून बाहेर. (आईला अजून सांगितलेलं नाही!)

आता निकालाची कोर्टाच्या शिक्क्याची प्रत, सर्टिफाइड डिस्पोझिशन, लागणार. मी एकही कागद जपला नाही. काउंटीच्या (जिल्ह्यासारखा विभाग) डिस्ट्रिक्ट क्लार्कच्या, म्हणजे डिस्ट्रिक्ट कोर्टाचे कागद सांभाळणाऱ्या कार्यालयाच्या, साइटवर नाव टाकलं, काही नाही. राज्याच्या डीपीएसकडे (सार्वजनिक सुरक्षा खातं) पैसे भरून शोधलं, तिथेही कोरं. एका खासगी साइटने पैसे घेऊन माझ्याच नावाच्या भलत्याच माणसाची कुंडली पाठवली. रेकॉर्डच सापडत नाही, तर 'नाही' लिहून मोकळा होऊ का?

प्रतिसाद १

'नाही' अजिबात लिहू नका. लपवलेलं नंतर निघालं तर ते त्या तिकिटापेक्षा कितीतरी महागात पडेल.

तुम्ही चुकीचं दार ठोठावताय. टेक्सासात असं तिकीट म्हणजे क्लास सी, सगळ्यात हलका, फक्त दंडाचा गुन्हा. ते डिस्ट्रिक्ट कोर्टात जात नाही, आणि डीपीएसच्या जाहीर शोधातही सहसा दिसत नाही. तिकीट कुणी फाडलं होतं ते आठवा. शहराच्या पोलिसाने, तर त्या शहराचं म्युनिसिपल कोर्ट. शेरीफच्या माणसाने किंवा स्टेट ट्रूपरने, तर जस्टिस ऑफ द पीस कोर्ट, म्हणजे काउंटीचं छोट्या खटल्यांचं कोर्ट. आणि ही एकेका काउंटीत अनेक असतात. साइटवर वेळ घालवू नका, नाव आणि जन्मतारीख घेऊन क्लार्कला फोन लावा.

धागाकर्ता

तिकीट हायवेवर मिळालं होतं, गणवेश कुठला ते देवालाच ठाऊक.

प्रतिसाद २

मग एफबीआयकडून स्वतःची आयडेंटिटी हिस्टरी समरी, म्हणजे त्यांच्याकडे नोंदलेल्या अटकांचा गोषवारा, मागवा. १८ डॉलर आणि बोटांचे ठसे. त्या रात्री ठसे घेऊन पुढे पाठवले असतील, तर अटक करणारं खातं आणि तारीख त्यात येईल; तिथून कोर्ट शोधता येतं. क्लार्क म्हणाला की जुनी फाइल नष्ट केली, तर तेच लेटरहेडवर लिहून घ्या. आणि अर्ज धाडण्याआधी इमिग्रेशन वकिलाला एकदा दाखवा.

धागाकर्ता

ठसे घेतले होते, शाई दोन दिवस गेली नव्हती. उद्याच मागवतो.