मदत हवी आहे: ऱ्होडोडेंड्रॉन आणि अझेलिया बियांपासून, उगवले छान पण पुढे सरकेनात

थेम्सकाठी:
नमस्कार मंडळी. मुक्काम रेडिंग, इंग्लंड. मिरच्या, टोमॅटो, खिडकीतला कढीपत्ता एवढं वर्षानुवर्षं चालू आहे, त्यामुळे बी पेरणं नवीन नाही. पण या झाडांची तऱ्हाच वेगळी दिसतेय, म्हणून हा धागा.

शेजारच्या आजींकडे पिवळ्या अझेलियाचं जुनं झुडूप आहे, ऱ्होडोडेंड्रॉन ल्युटियम (अझेलिया हा ऱ्होडोडेंड्रॉनचाच एक गट). मे महिन्यात त्याचा वास कुंपण ओलांडून आमच्या स्वयंपाकघरात येतो. ऑक्टोबरात त्यांना विचारून तपकिरी झालेली बोंडं आणली आणि कागदी पाकिटात घालून ठेवली. आठवड्याभरात बोंडं तडकली आणि तळाशी बी जमा झालं. बी कसलं, भुसाच तो! शिंक आली असती तर सगळं संपलं असतं. दुसरं बी ऱ्होडोडेंड्रॉन आर्बोरियमचं, म्हणजे आपल्या उत्तराखंडातला बुरांश. ते इथल्या एका बागप्रेमी मंडळाच्या बीवाटपात मिळालं.

दिवाळीनंतर पेरलं. टेकअवेचे पारदर्शक डबे घेतले, तळाला भोकं पाडली. खाली ॲसिडिक कंपोस्ट आणि परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे), वर चाळणीवर घासून बारीक केलेलं स्फॅग्नम मॉस. बी वरून नुसतं भुरभुरलं, झाकलं नाही, कारण याला उगवायला उजेड लागतो असं वाचलं होतं. झाकण लावून दक्षिणेच्या खिडकीत, घरातल्याच 20 अंशांच्या आसपासच्या तापमानात. तीन-चार आठवड्यांत हिरवी टिंबं दिसायला लागली, तेव्हा घरात पेढे वाटायचेच बाकी होते.

आता फेब्रुवारी. अझेलियाच्या रोपांना खरी पानं दोन आली आणि ती तिथेच बसून आहेत. मरतही नाहीत, वाढतही नाहीत. बुरांश हळूहळू वाढतोय, पण पानं पिवळी. मॉसच्या कडेला पांढरट रेघ आली आहे, दोन डब्यांत हिरवा बुळबुळीत थर. पाणी नळाचंच, फवाऱ्याने. इथलं पाणी असं की केटलीत खडूसारखी खपली धरते.

खत कमी पडतंय का? रोपं वेगळी करायची वेळ झाली का? की बीच तसलं होतं?

बागवेडी (पुणे):
किती गोड उद्योग! मी जास्वंदीला आंबट ताक पातळ करून घालते, पंधरा दिवसांत पानं हिरवीगार. करून बघा. चहाचा चोथाही चालेल.

कुंडीकर:
बागवेडीताई, जास्वंद अंगणात असते, तिला वारा-ऊन सगळं मिळतं. बंद डब्यात, ओल्या मॉसवर ताक म्हणजे बुरशीला जेवणाचं आमंत्रण. एवढ्याशा रोपांच्या माना दोन दिवसांत पडतील. चोथ्यावर चिलटं येतात आणि त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात. या वयाच्या रोपांवर घरगुती प्रयोग नकोतच.

पावसाळी (सिएटल):
थेम्सकाठी, आधी एक सांगा. बुरांशाची नेमकी कुठली पानं पिवळी आहेत? शेंड्याकडची नवी की खालची जुनी? आणि पूर्ण पान पिवळं आहे की शिरा हिरव्या राहिल्यात? शक्य असेल तर भिंग घेऊन बघा. सगळं उत्तर त्यावर आहे.

थेम्सकाठी:
भिंग घेऊन बघितलं. नवी पानं पिवळी, जवळजवळ लिंबाच्या सालीसारखी, आणि शिरा स्पष्ट हिरव्या, जाळीच दिसते. खालची पानं अजून हिरवी आहेत. अझेलियाची पानं मात्र पिवळी नाहीत, उलट कडेने तांबूस झाली आहेत.

पावसाळी (सिएटल):
मग या दोन निरनिराळ्या भानगडी आहेत.

बुरांशाला लोह मिळत नाहीये. नत्र कमी पडलं असतं तर जुनी पानं आधी आणि सबंध पिवळी पडली असती. लोह कमी पडलं की नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. कंपोस्टमध्ये लोह नाही असं नव्हे, ते मुळांना उचलता येत नाही. या कुळाला साधारण 4.5 ते 6 पीएच, म्हणजे आम्लधर्मी माती, लागतो. तुमच्याकडचं पाणी चुनखडीच्या खडकातून येतं, त्यात बायकार्बोनेट भरपूर. दर फवाऱ्याबरोबर थोडा चुना जातो आणि पीएच चढत राहतो. कडेची पांढरी रेघ आणि केटलीतली खपली एकच. मोठ्या कुंडीत हे व्हायला वेळ लागतो. तुमच्या डब्यात दोन बोटं मॉस, तिथे लगेच दिसतं.

उपाय: पावसाचं पाणी. इंग्लंडात राहून ते मिळत नाही असं म्हणू नका! छपराच्या पन्हाळीखाली पिंप लावा, तोवर बादली ठेवा. अगदीच कोरडे दिवस असले तर नळाचं पाणी उकळा, रात्रभर गार होऊ द्या आणि तळ न हलवता वरचं निथळ पाणी वापरा. उकळल्यावर चुना बराचसा खाली बसतो, सगळा नाही. व्हिनेगरचे थेंब घालायचा सल्ला कोणीतरी देईलच, त्याने पीएच तात्पुरता उतरतो पण चमचाभर इकडेतिकडे झालं की रोपं गेली. मी त्या वाटेला जात नाही.

त्याबरोबर एकदा चिलेटेड लोह (मुळांना उचलता येईल अशा रूपातलं), बाटलीवर मोठ्या झाडांसाठी लिहिलेल्या मात्रेच्या चौथाई, फवाऱ्याने. साधं फेरस सल्फेट नको, चुना असलेल्या मातीत ते लगेच बांधलं जातं.

अझेलियाचं वेगळं. ल्युटियम पानगळीचं झाड आहे. डिसेंबरात तुमच्याकडे दिवस आठ तासांच्याही आत. खिडकीतल्या रोपाने दिवस मोजले आणि ठरवलं की हिवाळा आला, झोपा. तांबूस कडा त्याच्याच. ती आजारी नाहीत. बुरांश सदाहरित, तो कमी उजेडातही रेंगाळत वाढतो. एक साधी एलईडी ट्यूब रोपांच्या वर वीतभर टांगा, टायमर लावून रोज 16 तास. काही आठवड्यांत शेंडे हलायला हवेत. नाहीतर काहीच करू नका, दिवस मोठे झाले की एप्रिलात आपणहून उठतील. पण ट्यूब लावलीत तर हिवाळ्यातली वाढही पदरात पडते, म्हणून इथले लोक हिवाळाभर दिवा चालू ठेवतात.

हिरवा थर म्हणजे शेवाळ. झाकण आता रोज थोडा वेळ उघडं ठेवत जा आणि पाणी जरा हात राखून.

कोकणी_माणूस:
या कुळाची पानं, फुलं, मध सगळ्यात विष असतं ना? घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर?

पावसाळी (सिएटल):
हो, ग्रेयानोटॉक्सिन. आणि गंमत म्हणजे थेम्सकाठींचं ल्युटियम त्यात कुप्रसिद्ध. तुर्कस्तानात काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर ल्युटियम आणि पाँटिकम या दोघांच्या फुलांवरून मधमाश्या जो मध करतात त्याला ‘वेडा मध’च म्हणतात. इ. स. पू. 401 मध्ये झेनोफनच्या ग्रीक सैनिकांनी तिथला मध खाल्ला आणि लोळत पडले, दुसऱ्या दिवसापासून शुद्धीवर यायला लागले, असं त्यानेच लिहून ठेवलंय. उत्तराखंडात बुरांशाच्या पाकळ्यांचं सरबत करतात ते वेगळं, त्यावरून घरच्या झाडाची पानं तोंडात घालू नयेत. डबे मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा, एवढं पुरे.

बागवेडी (पुणे):
ताक मागे घेतलं. 🙂 पण हे पुण्यात होईल का? मला तो लाल बुरांश फार आवडतो. येत्या मे महिन्यात मुनस्यारीला जातोय, चार बोंडं आणू का?

कुंडीकर:
मे महिन्यात बोंडं हिरवी असतात, बी तयार व्हायला हिवाळा उजाडतो. आणि पुण्यात त्याचा जीव रमणार नाही. हिमालयात तो साधारण 1500 मीटरच्या वरचा. दक्षिणेत त्याची एक उपजात आहे, नीलगिरीत आणि मुन्नारच्या वर शोला (डोंगरमाथ्यावरच्या सदाहरित) जंगलांच्या कडेने, पण तीही डोंगरमाथ्यावरच्या थंड धुक्यातली. मुळं केसासारखी बारीक आणि वरवरच पसरणारी, एप्रिलच्या तापलेल्या कुंडीत ती शिजतात. वर बोअरचं क्षाराचं पाणी. नर्सरीत हिवाळ्यात फुललेले छोटे अझेलिया मिळतात ते सिमसाय जातीचे संकर, त्यांची एका मोसमाची हौस करून घ्यावी.

आणि थेम्सकाठी, तुम्हीही भारतातून बॅगेत बी नेऊ नका. पेरायचं बी ब्रिटनमध्ये न्यायला फायटोसॅनिटरी (रोग-कीड नसल्याचं सरकारी) प्रमाणपत्र लागतं.

थेम्सकाठी:
खूप खूप आभार! कालच बादली बाहेर ठेवली, आज अर्धी भरली आहे. ट्यूब मागवली. चिलेटेड लोह इथे बागेच्या दुकानात मिळालं.

शेवटचे दोन प्रश्न. वेगळी कधी करू? आणि आजींच्या झुडपासारखीच फुलं येतील ना? त्यांनाही एक रोप द्यायचं आहे.

पावसाळी (सिएटल):
चार-पाच खरी पानं झाली आणि रोपं एकमेकांना टेकायला लागली की. देठाला हात लावू नका, पान धरा आणि टूथपिकने मॉसच्या गुठळीसकट उचला. लहान, उथळ कुंडी, होतं तेवढंच खोल. वेगळी केल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ॲसिडिक झाडांचं खत, चौथाई मात्रेत. रोपं जुन्या, चुना साठलेल्या मिश्रणातून बाहेर निघाल्याने बुरांशाची लोहाची तक्रारही बरीच कमी होईल. पहिल्या हिवाळ्यात बुरांश दंवापासून आत, ल्युटियम बाहेर आडोशाला चालेल. तुमच्या भागातल्या मातीतही चुना असू शकतो, तपासल्याशिवाय जमिनीत लावू नका.

फुलांची खात्री देता येत नाही. आजूबाजूला दुसरे अझेलिया असतील तर मधमाशीने कुठलं परागकण आणलं कोण जाणे. झुडूप एकटंच असेल तर पिवळं आणि वासाचंच येण्याची शक्यता चांगली. बुरांशाच्या पाकिटावर ‘हाताने परागीकरण’ असं लिहिलंय का बघा, नसेल तर तो संकर असू शकतो. ल्युटियम साधारण चार-पाच वर्षांत फुलतं. बुरांशाला दहा वर्षं सहज लागतात, कधी वीससुद्धा.

थेम्सकाठी:
पाकिटावर फक्त ‘बागेतून गोळा केलेलं’ आहे. आजी पंच्याऐंशीच्या आहेत, त्यांना ल्युटियमच देते.