मदत हवी आहे: 'आसरा' नावाचा अर्थ काय? रविवारच्या आत हवंय

घाईतली आई: रविवारी बारसं आहे. 'आसरा' नाव पक्कं केलं होतं. काल सासूबाईंनी ऐकलं आणि कानांवर हातच ठेवले. नवरा म्हणतो, आधार असा छान अर्थ आहे, कशाला बदलायचं. नाव मुळात आलं कुठून? लवकर सांगा, पेढ्यांच्या बॉक्सवर छापायला द्यायचंय.

तळेगावकर: मुलगा की मुलगी? सासूबाईंचं माहेर कुठलं? नेमकं म्हणाल्या काय?

पार्लेकर काका: जन्मवेळ दिली नाहीत. कृत्तिकेचं पहिलं चरण असेल तर 'अ' येतं. ते आधी बघा.

घाईतली आई: काका, पत्रिका नाही बघायची. मुलगी आहे. माहेर वाईजवळचं. "विहिरीवरच्या बायांचं नाव पोरीला देतात का?" एवढंच बोलल्या.

तळेगावकर: मग बरोबर आहे त्यांचं. शब्द दोन आहेत. 'तो आसरा' आश्रयावरून, 'ती आसरा' अप्सरेवरून. साती आसरा म्हणजे पाण्याच्या सात देवता, कुठे मावलाया म्हणतात. आमच्या मळ्यात विहिरीच्या काठाला सात दगड ओळीने आहेत. शेंदराची पुटं इतकी चढलीत की खालचा दगड दिसत नाही. पलीकडे त्यांचा भाऊ म्हसोबा. भर दुपारी तिथे एकट्या बाईला जाऊ देत नाहीत, आसरा लागतात म्हणून.

खटपट्या: इंद्राच्या दरबारात नाचणाऱ्यांचं नाव लेकीला? त्यापेक्षा 'आश्रया' ठेवा.

मावळकन्या: दरबार नंतरचा हो! 'अप्' म्हणजे पाणी, अप्सरा मुळात पाण्यातलीच. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात पुरूरवा राजाला उर्वशी अप्सरा सापडते ती तळ्यात, सख्यांबरोबर पाणपक्षी होऊन पोहताना. आणि सात आसरांची नावं तरी बघा: मत्स्यी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, मकरी... मासोळी, कासवी, खेकडी, बेडकी, मगरी! आणखी दोघी जतुपी आणि सोमपा. इतकं पाणीदार नाव भीतीपोटी सोडू नका. ज्या बाया लागतात म्हणतात, त्यांचीच ओटी भरून लेकराला सुखी ठेव म्हणतात ना?

खटपट्या: शाळेत पोरं काय उर्वशीची गोष्ट ऐकणारेत? 'आश्रया'च बरं.

दादरची सून: जन्मनोंदणीत नाव घालायला वर्षभर मुदत असते, शुल्कही लागत नाही. बारशाला तान्हुली म्हणून हाक मारा, नंतर ठरवा.

घाईतली आई: बॉक्स छापायचेत, नंतर नाही चालणार. मावळकन्याताईंचं सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांची धाकटी बहीण लहानपणी विहिरीवरून आली ती तापानं फणफणली होती, म्हणून धसका. आता म्हणतात, आधी माहेरच्या विहिरीवर ओटी भरा, मग खुशाल ठेवा. नवरा शनिवारी पहाटे त्यांना घेऊन निघतोय. ओटीत काय काय न्यायचं?

तळेगावकर: आमच्याकडे हिरवा खण, नारळ, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू आणि दहीभाताचा नैवेद्य. सातही जणींच्या बांगड्या घ्या, एकीच्याही विसरू नका. म्हसोबाला वेगळा नारळ.