आधी दानाचा हिशेब हाती द्या

तरुणांना पास्टोरेट कमिटीवर, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीवर, घेतलं तरी ते वर्षभरात गळतात, ही तक्रार खरी आहे. पण बऱ्याच मंडळ्यांत (चर्चच्या सभासदांच्या समूहांत) त्यांच्या वाट्याला खुर्च्या मांडणं, माइक लावणं आणि नाताळचा कार्यक्रम एवढंच येतं; पैसा आणि निर्णय जुन्यांकडेच राहतात. म्हणून दानापासून सुरुवात करा. उपासनेनंतर दान कुणीही एकट्याने मोजू नये. एक अनुभवी, एक तरुण, आणि दोघे एकाच घरातले नकोत. सुटं दान आणि दशमांशाची (उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याची) पाकिटं वेगळी मोजायची, वहीत दोघांच्या सह्या, सोमवारी बँकेत भरणा. तीन महिने तरुणाने लिहावं, खजिनदारांनी तपासावं. मग महिन्याचा जमाखर्च त्यानेच मंडळीपुढे वाचावा. बिघडतं ते इथेच. एखादा आकडा चुकला की वडीलधारे मध्येच उठून टोकतात, आणि तो मुलगा पुन्हा उभा राहत नाही. दुरुस्ती नंतर, बाजूला घेऊन सांगा.

तरुणाची नेमणूक मात्र भर उपासनेत करा. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या २७व्या अध्यायात इस्राएलचा पुढारी मोशे आपल्यानंतरचा पुढारी यहोशवा याच्यावर हात ठेवतो तो सगळ्या मंडळीसमोर, स्वतः हयात असताना, आणि आपला काही अधिकारही देतो. किती रुपयांपर्यंतचा खर्च न विचारता करता येईल, हे त्याच दिवशी लेखी द्या.