मदत हवी आहे: एअरशिपवर सामान रचायचा कोडेखेळ, पण त्यात एअरशिप कुठे आहे?

भिंगरी

नमस्कार मंडळी,

फावल्या वेळात गोडॉटवर (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) एक छोटा कोडेखेळ करतेय आणि अडलेय. इथे प्रोग्रॅमिंगवाले आहेत तसे जुन्या विमानांचे किडेही आहेत, म्हणून इथेच धागा काढते.

कल्पना अशी. साल १९२८-२९, 'ग्राफ झेपेलिन'सारखी एअरशिप, म्हणजे हवेहून हलक्या गॅसवर तरंगणारं जहाज. लांबी सुमारे २३७ मीटर, म्हणजे अवाढव्य, पण पोटात बहुतेक सगळ्या गॅसच्या पिशव्या. उतारूंना खाली चिकटवलेला लहानसा गोंडोला: दहा खोल्या, वीस माणसं, एक स्वयंपाकघर आणि जेवायला-बसायला मिळून एकच दालन. खेळणाऱ्याला जहाजाचा उभा छेद दिसतो, त्यावर चौकटी आखलेल्या. प्रत्येक मुक्कामाला टपालाच्या पिशव्या, ट्रंका, पाण्याच्या टाक्या असं काहीबाही चढतं. ते सगळं बसवायचं.

एक गोष्ट मूळ जहाजावरून उचललीय. तिथल्या खोलीतल्या सोफ्याचे रात्री वरखाली दोन बिछाने व्हायचे. माझ्याकडे सोफा दिवसा दोन चौकटी अडवतो, रात्री चार. म्हणजे दुपारी झक्क बसलेलं सामान रात्री बसत नाही. इथवर मजा येते.

पुढे मात्र खेळ आडवा होतो. एकदा रचना जमली की उरलेला प्रवास नुसतं 'पुढे' दाबत बसायचं. भावाला खेळायला दिला तर म्हणाला, "ह्यात टेम्पो ठेवलास तरी काय फरक पडेल?" बोलती बंद.

तर विचारायचंय असं की, (१) एअरशिपचं असं काय घालू की ते दुसऱ्या कुठल्याही वाहनात चालणार नाही? आणि (२) लेव्हल सुटते की नाही, आणि भलत्याच सोप्या वाटेने सुटत नाही ना, हे तपासायचं कसं? सध्या हाताने खेळून बघते आणि कंटाळा येतो.

---

तांडेल

भिंगरीताई, भावाचा मुद्दा बरोबर आहे. टेम्पोत जागा संपते. एअरशिपमध्ये जागा संपायच्या आधी वजन संपतं, आणि ते वजन कुठे ठेवलंय यावरून भांडण सुरू होतं.

एक घनमीटर हायड्रोजन साधारण १.१ किलो उचलतो, हेलियम एक किलोच्या आसपास. ग्राफ झेपेलिनमध्ये सगळा मिळून गॅस होता १ लाख ५ हजार घनमीटर, त्यातलाही काही इंधनाचा. आकडा मोठा दिसतो, पण त्यातून सांगाडा, इंजिनं, इंधन आणि माणसं वजा केली की ट्रंकांच्या वाट्याला फार काही येत नाही. आणि उरलेलंही वाटेल तिथे ठेवता येत नाही. नाक जड झालं तर नाक खाली, शेपूट जड झालं तर शेपूट खाली. होडीत बसताना होडीवाला "एक जण पलीकडे सरका हो" म्हणतो ना, तोच प्रकार, फक्त होडी दोन फुटबॉल मैदानांहून लांब. झेपेलिनवर खलाशांना खरोखर पुढेमागे पिटाळायचे. ६ मे १९३७ ला अमेरिकेत लेकहर्स्टला उतरताना 'हिंडेनबर्ग' ह्या जर्मन एअरशिपचं शेपूट जड झालं होतं. तेव्हा आधी पाणी सोडलं, मग सहा जणांना नाकाकडे पाठवलं.

आता तुमच्या 'पुढे दाबत बसायचं' ह्यावरचा उपाय. इंधन जळतं! जहाज उडताना हलकं होत जातं आणि तोलही बदलतो. म्हणजे सकाळची बिनचूक रचना संध्याकाळी चुकीची ठरते. तुम्हाला वेगळं काही शोधायला नको.

लहानसा नमुना देतो. तळाच्या बोळात सात कप्पे घ्या, त्यांना शेपटाकडून नाकाकडे −३ ते +३ असे नंबर. वजन गुणिले नंबर, सगळ्यांची बेरीज, ती −३ ते +३ च्या आत राहिली पाहिजे.

स्वयंपाकघर वजन ४, कप्पा −३. जागचं हलत नाही.
टपाल वजन ३, कप्पा −१.
ट्रंका वजन ३, कप्पा +१.
इंधन वजन ४, कप्पा +३. हेही हलत नाही, पण दर टप्प्याला एकेक कमी होतं.

निघताना बेरीज शून्य. टप्पा संपला की इंधन एकाने घटतं, मग खेळणाऱ्याला एक वस्तू हलवायची मुभा, मग तपासणी. पहिल्या टप्प्यानंतर −३, चालतंय. दुसऱ्यानंतर −६, म्हणजे शेपूट खाली. इथे टपाल −१ वरून +२ ला नेलं की बेरीज +३. पुढच्या टप्प्याला शून्य, शेवटी −३. चारही टप्पे एकाच हलवणीत पार. आणि गंमत बघा, तेच टपाल पहिल्या टप्प्याला हलवलं तर बेरीज +६ होते, नाक खाली, खेळ खलास. कोडं 'कुठे'चं राहत नाही, 'कधी'चं होतं.

---

खटपट्या

तांडेलरावांचा नमुना मस्त. दुसऱ्या प्रश्नाचं मी बघतो.

सामान बसवायचे प्रश्न मोठ्या आकारात भयंकर अवघड होतात हे खरं, पण तुमचा फलक चिमुकला आहे. सरळ बीएफएस लावा, म्हणजे आधी एका चालीच्या सगळ्या शक्यता, मग दोन चालींच्या, असा पायरीपायरीने शोध. प्रत्येक स्थिती म्हणजे 'कुठली वस्तू कुठे + कितवा टप्पा + दिवस की रात्र' अशी एक स्ट्रिंग, ती डिक्शनरीत टाका, आधी येऊन गेली असेल तर सोडून द्या. जेवढ्या चालीत सुटतं ती सर्वात कमी संख्या आपोआप मिळते, आणि तेवढ्याच चालींच्या वाटा किती तेही मोजता येतं. वरच्या उदाहरणात एका चालीची वाट एकच आहे, आताच कागदावर पडताळून पाहिलं.

एक सावधगिरी. फलक गच्च भरला म्हणजे उत्तर एकच, असं समजू नका. पाच-पाच चौकोनांचे ते बारा पेंटोमिनो तुकडे असतात ना, ते ६ × १० च्या आयतात एकही चौकोन न सोडता बसतात. त्याची उत्तरं किती? २३३९, तीही फिरवलेली आणि आरशातली वगळून. तेव्हा आकार वेडेवाकडे करून लेव्हल अवघड करायच्या भानगडीत पडू नका. बंधनं वाढवा, तुकडे नकोत.

---

नानबा

मी वेगळा सूर लावतो. बेरजा-गुणाकार दिसले की निम्मी जनता खेळ बंद करेल. मी तरी करेन. दिवसभर ऑफिसात एक्सेल, घरी येऊन परत तेच?

---

तांडेल

नानबा, आकडे दाखवायचेच नाहीत! पडद्याच्या वर एक पाणसळ ठेवायची. गवंड्याकडे असते तशी, काचेच्या नळीत बुडबुडा. बुडबुडा दोन खुणांच्या बाहेर गेला की जहाज कललं. खेळणाऱ्याला तेवढं पुरे.

आणि सुरुवातीच्या लेव्हल सोप्या करायला इतिहासच मदतीला येतो. ग्राफ झेपेलिनची इंजिनं ब्लाऊगॅसवर चालायची. ह्या वायूचं वजन जवळजवळ हवेएवढंच, त्यामुळे तो जळून त्याची जागा हवेने घेतली तरी जहाजाच्या वजनात फारसा फरक पडत नसे. म्हणजे पहिल्या पाच-सहा लेव्हल ब्लाऊगॅसच्या, तोल स्थिर, नुसती रचना. हात बसला की पेट्रोलचं जहाज द्यायचं आणि बुडबुडा सरकू लागतो.

लेव्हलसाठी खरे प्रसंगही भरपूर आहेत:

जुलै १९१९, ब्रिटिशांची 'आर ३४' स्कॉटलंडहून न्यूयॉर्ककडे निघाली. वजन कमी करायचं म्हणून विल्यम बॅलंटाइन नावाच्या खलाशाला यादीतून वगळलं, तर पठ्ठ्या निघण्याआधी चोरून वर चढला आणि गॅसच्या पिशव्यांमध्ये लपून बसला. बरोबर एक मांजराचं पिल्लूही. सापडला तेव्हा खाली समुद्र, उतरवणार कुठे? १०८ तासांनी जहाज पोचलं तेव्हा इंधन तळाला गेलेलं. ही लेव्हल मला स्वतःला खेळायचीय: अर्ध्या वाटेत फलकावर एक माणूस आपोआप उगवतो, त्याला टाकून देता येत नाही, पण कामाला लावता येतं. म्हणजे हलतं वजन.

ऑगस्ट १९२९, ग्राफ झेपेलिनची जगप्रदक्षिणा, लॉस एंजेलिसचा मुक्काम. खाली समुद्रावरची थंड हवा, वर गरम थर. थंड हवा जड, तिच्यावर जहाज तरंगत राहतं, खाली येईना, म्हणून उतरायला गॅस सोडावा लागला. निघताना तोच गॅस कमी पडला आणि विजेच्या तारा कशाबशा चुकवल्या. कोड्यात घ्यायचं तर: गॅस सोडणं ही एक सोपी चाल असावी, पण तिची उधारी पुढच्या लेव्हलला फेडायची.

हिंडेनबर्गवर तर पियानो होता. ॲल्युमिनियमचा, तरीही दीडशे किलोंच्या वर. १९३७ च्या हंगामाआधी काढून टाकला. आणि त्या हिवाळ्यात खोल्या वाढवून उतारू ५० वरून ७२ केले. ते जमलं कशामुळे? जहाज आखलं होतं हेलियमसाठी आणि भरला हायड्रोजन, म्हणून उचल जास्त मिळाली.

---

चकली

ब्रिटिशांची 'आर १०१' एअरशिप राहिली की! तीच ना जी भारतात यायला निघाली होती?

---

तांडेल

हो चकलीताई. कराचीला येणार होती, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातच. तिथे तिच्यासाठी प्रचंड हँगरही बांधून ठेवलं होतं. उचल कमी पडते म्हणून जहाज मधोमध कापून एक जादा भाग बसवला, गॅसच्या पिशव्यांच्या जाळ्या सैल केल्या, मग पिशव्या सांगाड्याला घासू लागल्या. वाटेत इस्माइलियाला जहाजावरच मेजवानी द्यायची, म्हणून गालिचेही घेतलेले. ५ ऑक्टोबर १९३० च्या पहाटे फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळली. ५४ पैकी ४८ जण गेले.

मुद्दाम वर लिहिली नाही. कोड्याच्या दृष्टीने ती सगळ्यात चपखल आहे, पण 'गालिचा बसवा आणि तीन तारे मिळवा' असं तिथे करू नये असं माझं मत. घ्यायचीच तर कल्पित जहाजावर घ्या.

---

भिंगरी

तांडेल, खटपट्या, मनापासून आभार. सात कप्प्यांचा नमुना काल रात्रीच बसवला. पाणसळ सुद्धा. नानबा, तुमच्यासाठी आकडे लपवलेत, सेटिंगमध्ये चालू करता येतात.

आणि माझ्या सोफ्याला आता काम मिळालं! +२ च्या कप्प्यात सोफा ठेवला. दिवसा मिटलेला असतो तेव्हा टपाल त्याच्यासोबत मावतं, रात्री उलगडला की नाही. दुसरा टप्पा मुद्दाम रात्रीचा केला. आता तांडेलांची एका चालीची वाट बंद. टपाल आधी मधल्या शून्य कप्प्यात सरकवायचं, बेरीज −३, कशीबशी रात्र काढायची. उजाडलं की +२ ला न्यायचं, बेरीज शून्य, शेवटच्या टप्प्याला −३. दोन चाली. भावाला दिलं, त्याने आधी ट्रंका हलवल्या, मग "थांब थांब" म्हणत फोन ओढून घेतला. टेम्पोचं नाव काढलं नाही.

आर १०१ बद्दल पटलं, घेणार नाही.

अजून एक अडलंय. जहाज हलकं झालं की वर जातं, आणि वर गेलं की गॅस फुगतो, बरोबर? मग पिशव्या फुगून चौकटी खातील असं दाखवू का? की हे भलतंच?

---

तांडेल

फुगतो, बरोबर. पण झेपेलिनच्या बाहेरच्या सांगाड्याचा आकार ठरलेला. पिशवी आतल्या आत पूर्ण भरेपर्यंत फुगते, त्याच्या वर गेलात की झडप उघडून गॅस बाहेर जातो. माणसांच्या जागेत शिरत नाही. म्हणून निघताना पिशव्या काठोकाठ भरलेल्या असल्या तर वर जाताना गॅस वाया. चौकटी खाऊ नका, उंचीची एक रेघ ठेवा. रेघेच्या वर गेलं की उचल कायमची घटते. खाली राहायचं तर वजन हवं. हिंडेनबर्गवर त्यासाठी पावसाचं पाणी जहाजाच्या पाठीवरून गोळा करत. म्हणजे ढगात शिरायचं की नाही, हीसुद्धा एक चाल झाली.

---

खटपट्या

उंची घातलीत तर ती स्थितीच्या स्ट्रिंगमध्येही घाला, नाहीतर उत्तर शोधणारा प्रोग्रॅम दोन वेगळ्या स्थिती एकच समजेल. आणि उंची पूर्णांकात ठेवा, पाच पायऱ्या पुष्कळ झाल्या. दशांश घातलेत की स्थिती मोजता मोजता लॅपटॉपचा पंखा सुरू होईल.

---

चकली

अँड्रॉइडवर चालतं का? असेल तर व्यनि करा, मांजराच्या पिल्लाची लेव्हल आधी मला हवी.