मदत हवी आहे : एका सेमिस्टरला १८ क्रेडिट्स, वर एमकॅट (इथली मेडिकलची प्रवेश परीक्षा). झेपेल का?

नमस्कार मंडळी. प्रश्न लेकीचा आहे, पण मी इथे विचारतेय हे तिला माहीत नाही. म्हणून कॉलेजचं नाव लिहीत नाही. आम्ही न्यू जर्सीत असतो. ती ज्युनियर इयरला (कॉलेजचं तिसरं वर्ष), बायोलॉजी मेजर (मुख्य विषय), प्री-मेड, म्हणजे पुढे मेडिकलला जायचं.

येत्या स्प्रिंगसाठी तिने निवडलेले कोर्स आणि त्यांचे क्रेडिट्स असे: बायोकेमिस्ट्री ३, फिजिक्स २ (म्हणजे दुसरा भाग) लॅबसकट ४, जेनेटिक्स ४, स्टॅटिस्टिक्स ३, सोशियोलॉजी ३ आणि रिसर्चचं १. झाले १८. फुलटाइमला १२ पुरतात, बरीच मुलं १५ घेतात. त्यात एप्रिलमध्ये एमकॅट आणि जूनच्या सुरुवातीला ॲमकॅसवर (मेडिकल स्कूलांची सामायिक अर्ज-सेवा) अर्ज. शनिवारी रात्री रेस्क्यू स्क्वाडवर ईएमटीची (ॲम्ब्युलन्सवर प्रथमोपचार देणाऱ्याची) ड्यूटी असतेच.

जीपीए (ग्रेड्सची सरासरी) ३.६८ आहे. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या पहिल्या सेमिस्टरला बी मायनस पडला, तेव्हाही १७ क्रेडिट्स घेतले होते. तो बी मायनस तिच्या डोक्यातून जात नाही. "जास्त कोर्स घेतले की जास्त ए येतील, भरून निघेल," हे तिचं गणित.

दिवाळीच्या वीकेंडला घरी आली होती. पुढ्यात फराळाचं ताट, एका हातात चकली, दुसऱ्या हाताने फोनवर अँकी ॲपची पाठांतराची कार्डं सरकवणं चालू. मी दही आणायला आत गेले, परत येते तर बाईसाहेब टेबलावर डोकं ठेवून गाढ झोपलेल्या. चकली हातात तशीच, फोनवर लायसीनचं कार्ड उघडं. उठवावं की नाही तेच कळेना.

मी सांगलीची, कॉमर्सवाली. आमच्या वेळी मेडिकल म्हणजे बारावीचा पीसीबी ग्रुप, त्याचे मार्क, विषय संपला. इथलं मला अजून नीट उमगत नाही. नवऱ्याचं म्हणणं, मध्ये थांबायचं नाही, वर्ष फुकट जातं, भारतात लोक विचारतात नापास झाली का म्हणून. तर यातला कुठला कोर्स काढावा? की हे सगळं खरंच जमतं आणि मी उगीच काळजी करतेय?

— लेकीची_आई

•

काकू म्हणू की ताई? मी इंटर्नल मेडिसिनला रेसिडेंट डॉक्टर आहे, नाइट ड्यूटीवरून लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आधी तो बी मायनस. एवढ्याने कुणाचं मेडिकल हुकत नाही. पण ॲमकॅस सायन्स जीपीए वेगळा काढतं. त्यात बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि मॅथ धरतात, आणि स्टॅटिस्टिक्स मॅथमध्ये मोडतं. म्हणजे तिने एकाच सेमिस्टरला चार कोर्स असे घेतलेत जे थेट त्या आकड्यात जाणार. दमलेल्या डोक्याने चारांत बी प्लस आले तर आकडा वर जाण्याऐवजी खालीच येईल.

मी असतो तर जेनेटिक्स पुढे ढकललं असतं. मेजरला लागत असेल तर सीनियर इयरला (चौथ्या वर्षी) घ्यावं. एमकॅटपुरतं जेनेटिक्स इंट्रो बायोलॉजीत होऊन जातं. बायोकेमिस्ट्री मात्र काढू नका, परीक्षेत तिचा भार मोठा आहे. दुसरी अडचण एप्रिलची. फिजिक्स २ मेपर्यंत चालणार. ऑप्टिक्ससारखे धडे बहुतेक सिलॅबसच्या शेवटी असतात, म्हणजे वर्गात शिकवण्याआधीच परीक्षेत येणार.

आणि काकांना हे सांगा: ज्युनियर इयर संपताच अर्ज केला तर त्यात तीनच वर्षांचे ग्रेड्स जातात. एक वर्ष थांबली तर सीनियर इयरचेही धरले जातील, ऑर्गॅनिकचा डाग आपोआप फिका होईल. हल्ली मेडिकल स्कूलला येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुलं कॉलेजनंतर गॅप घेऊनच येतात. मीही दोन वर्षं घेतली. नापास झालो नव्हतो. :)

— रात्रपाळी

•

माझ्या मुलाने नेमकं हेच केलं होतं, म्हणून लिहितेय. १७ क्रेडिट्स आणि एप्रिलचा एमकॅट. ब्रेक धरून साडेसात तास पेपर, तो शनिवारी, आणि सोमवारी फिजिक्सची मिडटर्म. पेपर संपल्यावर त्याने स्कोअर व्हॉइड (रद्द) केला. तसं केलं की कॉलेजांना तो दिसत नाही, हे एक बरं. न करता कमी स्कोअर आला असता तर पुढे दर वेळी तो अर्जासोबत गेला असता. मग त्याने सेमिस्टर संपवून, उन्हाळाभर नुसता अभ्यास करून ऑगस्टला परीक्षा दिली, अर्ज पुढच्या वर्षी केला. त्या ऑगस्टलाच अर्ज ढकलायचा आमचा विचार होता, पण इथे प्रवेश जसे अर्ज येतील तसे देत जातात. उशिरा जाऊन फायदा नव्हता.

आत्ता १८ ला रजिस्टर करून ठेवायला हरकत नाही. ॲड-ड्रॉपची (कोर्स घेण्या-काढण्याची) मुदत असते, तेवढ्यात कोर्स काढला तर ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रिकेवर) खूणही राहत नाही. मुदत उलटली की डब्ल्यू (विथड्रॉ, म्हणजे कोर्स मध्येच सोडल्याची खूण) लागतो. एखादा डब्ल्यू चालून जातो, तीन-चार दिसले की मुलाखतीत विचारतात. आणि कॉलेजची प्री-हेल्थ कमिटी मेडिकलच्या अर्जासाठी शिफारसपत्र देत असेल तर तिची आतली तारीख आजच बघा, ती बरीच आधी असते.

— वरणभात_अँड_कंपनी

•

मुलगी वीस वर्षांची आहे ना? मग तिलाच का विचारत नाही?

— स्पष्टवक्ता_४२

•

स्पष्टवक्ता, टोचलं, पण बरोबर आहे. काल रात्री फोन करून धाग्याबद्दल सांगून टाकलं. आधी चिडली. मग म्हणाली, "आई, स्टॅटिस्टिक्स मॅथमध्ये धरतात? नक्की?" अर्ध्या तासाने मेसेज आला: जेनेटिक्स काढलं, १४ राहिले, ॲडव्हायझरची शुक्रवारची वेळ घेतली आहे. एमकॅट कधी द्यायचा ते त्यांच्याशी बोलून ठरवणार.

नवऱ्याचा मुद्दा शेवटी निराळाच निघाला. कॉलेज संपल्यावर इन्शुरन्सचं काय, ही त्याची धास्ती. २६ वर्षांपर्यंत आमच्याच पॉलिसीवर राहू शकते हे दाखवल्यावर "बघू" इतपत आलाय.

रात्रपाळी, काकूच म्हणा. तुम्ही त्या दोन वर्षांत काय केलंत? स्क्राइबची (डॉक्टरांच्या नोंदी लिहिण्याची) नोकरी बरी की रिसर्च असिस्टंटची? तिला विचारूनच विचारतेय.

— लेकीची_आई